थांबाबाई

माझ्या वहिनीला शाळेत मुलं थांबाबाई म्हणतात आणि मला तोफ. दोन्ही नावं मुलांनीच ठेवलेली, आणि या कामात मुलांचा हात कुणी धरू शकत नाही. मी भूगोल शिकवते. माझा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गालाही वारे आणि सागरी प्रवाह आपोआप पाठ होतात, अशी शिक्षकांच्या खोलीत माझी थट्टा चालते. वहिनी त्याच शाळेत गणित शिकवते आणि तिच्या वर्गावरून जाताना आत कुणी आहे की नाही अशी शंका येते.

ती प्रश्न विचारते, खडू फळ्याच्या कडेला ठेवते, हात झटकते आणि उभी राहते. बस, एवढंच. कुणी घाईघाईने उत्तर ओरडलं तर म्हणायची, "थांबा." त्यात राग नसायचा. 'थां' जरासा लांबवायची आणि 'बा' अलगद खाली सोडायची, हातातली पिशवी जमिनीवर टेकवावी तशी. मग अख्खा वर्ग विचार करत बसायचा आणि ही एकेक चेहरा बघत उभी.

मी नवीन असताना तिला विचारलं होतं, "वहिनी, तुला एवढा वेळ गप्प राहवतं कसं? माझ्या तर जिभेला खाज सुटते."

"मी गप्प असते तेव्हाच त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते दिसतं," ती म्हणाली. "तू बोलत असतेस. तुला कसं दिसणार?"

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, त्याला बोलवावं लागत नाही. पण त्यानंतर येता-जाता मी तिच्या वर्गाच्या खिडकीशी घुटमळायला लागले, हे खरं आहे.

घरीही तिचा तोच शब्द. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू चिमट्याने बसवणारा माझा दादा घरातून निघताना मात्र असा सुटतो की जणू दुकानाला आग लागली आहे. चष्मा एकीकडे, किल्ल्या दुसरीकडे, डबा ओट्यावरच. तो जिन्याच्या वळणावर पोहोचला की वहिनी दारातून म्हणायची, "थांबा." दादा तिथेच उभा राहून खिसे चाचपायचा. मी खालच्या मजल्यावर राहते. त्या एका शब्दावर मी माझं घड्याळ लावत असे.

गेल्या वर्षी वहिनीच्या गळ्याला गाठ आली. गाठ काढली, ती साधी निघाली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण काढताना आवाजाच्या नसेला धक्का बसला. पट्टी निघाली, ताकद आली, वहिनी घरात हिंडू-फिरू लागली; आवाज काही आला नाही. तोंड उघडलं की नुसता वारा. अगदी तोंडाशी कान नेला तर शब्द कळायचे. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. मनाची तयारी ठेवा. दादाने काहीच तयारी ठेवली नाही. तो दुकानात चष्म्याशिवाय जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा, आणि का विसरतो ते आम्हाला सगळ्यांना कळत असूनही कुणी बोलत नव्हतं.

आमचे मुख्याध्यापक माणूस चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी काहीबाही बोलणार आहे. ते घरी भेटायला आले, चहा घेतला आणि बशीकडे बघत म्हणाले, "बाई, ग्रंथालयात माणूस हवाच आहे. शांत काम आहे. पगारात फरक नाही पडणार."

वहिनीने पाटी ओढली. आजारपणात बोलण्यासाठी आम्ही तिला पाटी-पेन्सिल आणून दिली होती. तिने लिहिलं: "पुस्तकं आधीच शहाणी असतात. त्यांना माझं काय काम?"

मुख्याध्यापक हसले, पण लगेच गंभीर झाले. "वर्ग म्हणजे वर्ग आहे, बाई. आठवीची पोरं. आवाजाशिवाय कसं आवराल? बरं, असं करू. शाळा उघडली की तुम्ही वर्ग घ्या. पहिली परीक्षा व्हायच्या आत मी एक तास मागे बसून बघेन. जमलं तर वर्ग तुमचा. नाही जमलं तर मग माझं ऐकायचं."

वहिनीने मान डोलावली. ते गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मी पहिल्यांदा तिला घाबरलेली पाहिली. ऑपरेशनच्या आधीही ती अशी नव्हती. वर्ग गेला तर या बाईचं काय उरेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

अशा वेळी भाची धावून आली. दादाची एकुलती एक लेक, आमची चिमणी. नाव चिमणी, पण काम मोठं. यंत्रांना बोलायला शिकवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरी करते. मधे शाळा बंद होत्या तेव्हा वहिनीने घरूनच तास घेतले होते, त्याची रेकॉर्डिंग्ज पडून होती. चिमणीने ती सगळी नेली आणि सुट्टीभर खपून एका संध्याकाळी टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, यात काहीही लिही."

वहिनीने थोडा विचार केला, बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि टॅबलेट बोलला, "चहाला आलं किसलंत की नुसतंच दाखवलंत?"

वहिनीचाच आवाज. तोच किंचित बसका, तीच शेवटाला वर जाणारी चाल. दादा चहा गाळत होता. त्याने गाळणं तसंच खाली ठेवलं आणि तो गॅलरीत जाऊन कुंड्या सरकवायला लागला, ज्या आधीच सरळ होत्या. वहिनी हसत होती, डोळे गच्च मिटून, आवाजाविना, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मी रडले. मी रडते तेव्हाही आवाज होतो, त्यामुळे खालून शेजारीण विचारायला आली.

मला वाटलं, संपलं, प्रश्न सुटला. चिमणीची दृष्ट काढायचीच काय ती मी बाकी ठेवली होती.

पहिल्या तासासाठी वहिनीने आदल्या दिवशी बसून सगळं टाइप केलं. मला मोकळा तास होता, म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आवाज सुरू झाला. मुलं आधी हरखली, मग गप्प झाली, मग हाताची घडी घालून ऐकत राहिली. कुठे अडखळणं नाही, खोकला नाही, एक वाक्य संपलं की दुसरं हजर. प्रश्नही होते त्यात, आणि प्रश्नापाठोपाठ उत्तरही. धडा वेळेच्या कितीतरी आधी आटोपला. मुख्याध्यापक जाता जाता डोकावले आणि खूश झाले. "वा! आता हे दोन वर्गांत एकाच वेळी लावता येईल की!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांचं चुकलं कुठे ते मलाही सांगता येईना.

वहिनी शिक्षकांच्या खोलीत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"कुणी चुकलं नाही गं," ती म्हणाली.

"मग चांगलंच की!"

तिने मान हलवली. "कुणी चुकलं नाही म्हणजे कुणी विचारच केला नाही."

संध्याकाळी स्वयंपाकघरात बैठक बसली, दादासकट. चिमणी जराशी हिरमुसली होती. एवढं राबून केलं आणि आईच्या चेहऱ्यावर आनंद नाही म्हटल्यावर कुणीही हिरमुसेल. वहिनीने पाटीवर लिहिलं, "माझं बोलणं असं नव्हतं. इतकं सलग नव्हतं."

"नव्हतंच," चिमणी म्हणाली. "तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये जागोजागी नुसती रिकामी जागा होती, आई. मला वाटलं नेट जायचं तुमचं. मशीनला शिकवताना ती सगळी काढून टाकली. स्वच्छ केलं."

वहिनीने डोळे मोठे केले. मग हाताने खूण केली: लाव. मूळचं लाव.

चिमणीने जुनी फाइल लावली. वहिनीचा आवाज आला, "आता सांगा, या दोन कोनांत मोठा कोणता? आणि कशावरून?" आणि मग काही नाही. आम्ही चौघंही त्या काही-नाहीकडे बघत बसलो. फाइलमधून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कुकरची एक शिट्टी झाली. त्यातच दूर कुठेतरी दादाचा तेव्हाचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठाय?" अजून काही नाही. मग खुर्ची सरकली, आणि वहिनी म्हणाली, "थांबा." ते दादाला होतं की एखाद्या उतावळ्या पोराला, देव जाणे. पुन्हा काही नाही. आणि एकदम एका बारीक मुलीचा आवाज, अंधारातून आल्यासारखा, "बाई, मला वाटतं दोन्ही सारखेच आहेत. दाखवू का?"

चिमणीने फाइल बंद केली. "आई, पडद्यावर तर कुणीच दिसत नव्हतं ना तुला? सगळ्यांचे कॅमेरे बंद. तू रिकाम्या पडद्यासमोर थांबत होतीस?"

वहिनीने लिहिलं, "मुलं पलीकडे होती. दिसत नव्हती एवढंच."

ते वाचून मला जे वाटलं ते मी सरळ सांगते. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी असूयाही वाटली. त्या दिवसांत मीही घरून तास घेतले होते. दोन सेकंद शांतता झाली की मला दरदरून घाम फुटायचा आणि मी उत्तर सांगून मोकळी व्हायचे.

"मग मी रिकामी जागा परत घालते," चिमणी म्हणाली. "प्रत्येक प्रश्नानंतर ठरावीक वेळ थांबेल असं करता येतं."

"ठरावीक?" मी उसळले. "मागच्या बाकावरचं पोर कधी तयार होणार हे त्या डबड्याला कोण सांगणार?"

"आत्या, डबडं म्हणू नकोस."

वहिनीने आम्हा दोघींपुढे हात आडवा धरला. मग तिने पाटी पुसली आणि सावकाश एकाखाली एक शब्द लिहिले. नक्की? का? अजून कुणाला वेगळं वाटतं? इकडे ये, दाखव. आणि शेवटी, थांबा. बाजूला लिहिलं, "एवढीच बटणं कर. बोट मी ठेवीन."

चिमणी बघतच राहिली. "आई, मी तुझा अख्खा आवाज उभा केला. तू यात हजार गोष्टी बोलू शकतेस. आणि तुला एवढंच हवंय?"

वहिनी हसली आणि तिने लेकीचा गाल ओढला.

कुणाला वाटेल की वहिनीचं आणि नव्या साधनांचं वाकडं आहे. उलट आहे. शाळेने वर्गावर्गात मोठे स्पर्शाचे पडदे बसवले तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. मी तर अजूनही तो पडदा चालू करायला पोरांना हाक मारते. वहिनी मात्र शाळा सुटल्यावर एकटी वर्गात बसून त्याच्याशी झटापट करायची. मुलांनी आपापल्या टॅबलेटवर काढलेल्या आकृत्या ती मोठ्या पडद्यावर एकत्र मांडायची, नावं झाकून, बरोबर आणि चूक शेजारी-शेजारी. मग 'का?' चं बटण दाबायची. चुकलेल्या मुलाला कळायचं की चूक आपली आहे, पण दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, आणि हळूहळू मुलं आपणच हात वर करून "बाई, ती माझी आहे, मी सांगतो कुठे फसलं ते" असं म्हणायला लागली. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या वर्गात चुकलेलं पोर बाकाखाली शिरतं.

एकाच गोष्टीवर तिचा आणि पडद्याचा खटका उडाला. पडद्यावर कुठलीही आकृती काढली की कोपऱ्यात तिचं क्षेत्रफळ आपोआप उमटायचं. ते बंद करायची सोयच नव्हती. चिमणीनेही हात टेकले. तेव्हा वहिनीने घरून जाड कागदाची एक पट्टी कापून आणली आणि चिकटपट्टीने त्या कोपऱ्यावर डकवून टाकली. एवढा महागडा पडदा आणि त्यावर कागद! मुख्याध्यापकांना त्या पडद्यांची लेकरासारखी माया. सुटीत ते स्वतः मऊ फडक्याने पुसताना मी पाहिलेत. ती पट्टी त्यांच्या नजरेस पडायची तेवढी राहिली होती.

ती त्यांना दिसली नेमकी परीक्षेच्या दिवशी. मुलांची परीक्षा पुढे होती, ही वहिनीची.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले. मला मोकळा तास नव्हता, तो मी मागून घेतला आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "शिकायला."  त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं, कोपऱ्यातल्या कागदाकडे गेलं आणि चेहऱ्यावर अशी कळ आली की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला असावा.

वहिनीने टेबलावरून एक दोरी उचलली. तिची टोकं बांधलेली होती. बोटं घालून तिने तिचा चौकोन केला, मग जरा लांबट चौकोन केला, मग आणखी लांबट. फळ्यावर लिहिलं: दोरी तीच. आतली जागाही तेवढीच? आणि खडू कडेला ठेवला.

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा लगेच म्हणाला, "हो, बाई. दोरी तीच आहे तर जागा कुठे जाईल?" जवळजवळ सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मी शेजारी पाहिलं. मुख्याध्यापकांनीही डोलावली होती. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

वहिनीने बोट ठेवलं. टॅबलेट म्हणाला, "नक्की?"

कुणी काही बोलेना. मग दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुटपुटली, "बाई, मला काहीतरी वेगळं वाटतंय. पण सांगता येत नाहीये."

"इकडे ये, दाखव."

ती पुढे आली. पडद्यावर दोरीचा चौकोन होता. कोपरा ओढला की तो लांबायचा, पण दोरी तेवढीच राहायची. ती ओढायला लागली. चौकोन बसका झाला. आणखी ओढलं, आणखी बसका. ती थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. वर्गही बघत राहिला. वहिनीने टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला आणि हात बांधून उभी राहिली.

मग ती शांतता सुरू झाली. मी तिथे बसले होते म्हणून सांगते, ती साधी नव्हती. बाहेर पटांगणावर शिट्टी वाजत होती, पंख्याचं पातं किरकिरत होतं, आणि त्या वर्गातलं एकही पोर इकडचं तिकडे हलत नव्हतं. माझी जीभ सळसळत होती. मी खालचा ओठ दातांत धरला. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, पालथ्या टॅबलेटकडे पाहिलं आणि माझ्याकडे झुकून विचारलं, "बंद पडलं की काय हो?"

मी मान हलवली. पण त्यांना राहवेना. चांगला माणूस, सांगितलंच मी. बाईंची फजिती होतेय आणि आपण नुसते बसलोय हे त्यांना सहन होईना. माझा जीव टांगणीला. ही शांतता त्यांनी 'जमलं नाही'च्या खात्यात टाकली की संपलं, वहिनी ग्रंथालयात. ते उठले, बाकांमधून पुढे गेले. "अरे, एवढा कसला विचार करताय?" ते म्हणाले. "उत्तर तर इथंच येतं. हा कागद कुणी लावलाय…" आणि त्यांनी पट्टी काढायला हात वर केला.

"थांबा!"

अख्खा वर्ग. एका तोंडाने. ओरडले नाहीत ते. 'थां' जरासा लांबवलेला आणि 'बा' अलगद खाली सोडलेला, पिशवी जमिनीवर टेकवावी तसा. पोरगे, पोरी, घोगरे आवाज, चिरके आवाज, आणि सगळ्यांतून तिचाच आवाज, पूर्वीचा, जसाच्या तसा.

 वहिनी जागची हलली नव्हती. टॅबलेट टेबलावर पालथाच होता आणि तिचे दोन्ही हात बांधलेले होते.

मुख्याध्यापकांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी मुलांकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. मुलांना आपण काय केलं ते आता कळलं होतं आणि काहींनी तोंडावर हात ठेवले होते. मुख्याध्यापकांनी हात खाली घेतला. "बरं," ते म्हणाले, "थांबतो." परत मागे जायचंही त्यांना सुचेना, ते पहिल्याच बाकावर एका पोराला सरकवून बसले.

वेण्यांची मुलगी पडद्याकडे वळली. तिने कोपरा धरला आणि एकदम शेवटपर्यंत ओढला. चौकोनाच्या वरच्या आणि खालच्या रेघा एकमेकींना चिकटल्या.

"बाई!" ती म्हणाली. "आत काहीच उरलं नाही! दोरी तीच, आणि आत काहीच नाही!"

वर्गात जो गलका झाला तो माझ्या तासालाही होत नाही. सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. मागचा उंच मुलगा बाकावर गुडघे टेकून उभा राहिला. "मग बाई, सगळ्यात जास्त जागा कधी होणार? कुठला आकार केला तर?" हा प्रश्न वहिनी विचारणार होती, मला ठाऊक आहे, कारण तो तिने घरी पाटीवर लिहून ठेवला होता. आता विचारायची गरजच पडली नाही.

"गोल," मुख्याध्यापक बसल्या जागेवरून बोलून गेले. "गोल केली तर—"

"सर, थांबा ना," शेजारचं पोर म्हणालं, आणि सगळा वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापक सगळ्यांत जास्त.

तास संपताना ते उठून पडद्याशी गेले आणि त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "आता काढू का?"

"आता काढा," वेण्यांची मुलगी म्हणाली. "आता काय, आम्हाला माहितीच आहे."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग वहिनीला म्हणाले, "आठवी तुमची. ही मुलं नववीत गेली की नववीही तुमचीच. आणि तो कागद… चिकटपट्टीचे डाग पडतात, बाई. मी जरा चांगली सोय करून देतो." वहिनीने दोन्ही हात जोडले. ते पुढे गेले, पुन्हा वळले आणि म्हणाले, "ग्रंथालयासाठी आता दुसरं कुणीतरी बघायला हवं." आणि माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "माझ्या शेजारी ठेवलेली पुस्तकं बहिरी होतील."

संध्याकाळी स्वयंपाकघरात चिमणीला हे सगळं मी सांगितलं, अभिनयासकट. ती दोनदा रडली आणि तीनदा मला म्हणाली, आत्या, हळू. दादा ओट्याशी उभा राहून ऐकत होता. त्याला दुकान पुन्हा उघडायचं होतं, कुणाचं तरी घड्याळ आजच द्यायचं होतं, पण पाय निघत नव्हता.

"मग आई," चिमणीने टॅबलेट पुढ्यात ओढला, "आता अजून काय काय घालू? सांग. आता तर घातलंच पाहिजे."

वहिनीने तिला जवळ घेतलं आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. चिमणीने ऐकलं आणि मान वर करून आईकडे पाहिलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, एक काढून टाक. थांबा काढून टाक. वर्गात तो आता मुलांकडे आहे. मला लागत नाही."

चिमणीचं बोट पडद्यावर गेलं.

"काढू नकोस," दादा म्हणाला.

आम्ही तिघींनी वळून पाहिलं. दादाने तोंड दाराकडे केलं होतं आणि तो चपला पायात सरकवत होता. "म्हणजे, असू दे," तो म्हणाला. "वर्गात असेल मुलांकडे. इथे कुणाकडे आहे?" आणि उत्तराची वाट न बघता, जणू दुकानाला आग लागली आहे असा, तो सुटला.

चष्मा ओट्यावरच होता, चहाच्या कपाशेजारी.

मी तो उचलून धावणार, एवढ्यात वहिनीने माझा हात धरला. तिने लेकीच्या हातातला टॅबलेट घेतला, दारात गेली, तो जिन्याकडे धरला आणि शेवटच्या बटणावर बोट ठेवलं.

वळणावर दादाच्या चपलांचा आवाज बंद झाला. मग खिसे चाचपल्याचा आवाज आला, आणि मग तो सावकाश, एकेक पायरी चढत, वर यायला लागला.